पप्पांकडे उरलेला शब्द

माझे पप्पा माजलगावात पाळक होते. चर्च म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली, चुना मारलेली एक लांब खोली. समोरच रस्ता. हंगाम सुरू झाला की त्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर कारखान्याकडे जात राहायचे, मोठ्याने गाणी लावून. पप्पांना त्याचं काही वाटत नसे. माईक त्यांनी कधी हातात धरला नाही. ट्रॅक्टर आला की ते आवाज जरा वर न्यायचे आणि तो पुढे गेला की खाली आणायचे. लहानपणी मला वाटायचं, देवाचा आवाज असाच असणार. एवढा मोठा दुसरा आवाज माझ्या ओळखीचाच नव्हता.

घरात ते साधंच बोलत. पण प्रार्थनेसाठी डोळे मिटले की त्यांची भाषा बदलायची. जुनी, भरजरी, शास्त्रातली मराठी. त्यांचा जन्म धारूरच्या बाजूच्या एका खेड्यातला, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाणारी. तिथली बोली त्यांनी कधी मागे टाकली कोण जाणे. मी तरी ती त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी दसरा झाल्यावर एका सकाळी आईचा फोन आला. मी परभणीला शाळेत शिकवते. तास संपवून बाहेर आले होते.

"तुझ्या पप्पांना बोलता येईना," आई म्हणाली. "चहा मागायला गेले अन् तोंडातून भलतंच काहीतरी यायलंय. हात पण उचलंना."

मी अंबाजोगाईच्या दवाखान्यात पोहोचले तेव्हा त्यांना आत घेतलेलं होतं. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. डॉक्टर तरुण होते, त्यांनी बसवून नीट समजावलं. "त्यांना सगळं कळतंय. तुम्ही कोण आहात, काय बोलताय, सगळं. फक्त शब्द सापडत नाहीत. एखादा शब्द राहतो कधीकधी. तोच मग सगळ्याला वापरतात."

पप्पांचा राहिलेला शब्द होता 'व्हय'.

'होय' नाही, 'हो' नाही. त्यांच्या आईच्या घरातला 'व्हय'. पाणी हवं का विचारलं तरी व्हय, नको असलं तरी व्हय. फक्त सूर वेगळा. रागाचा व्हय, कंटाळ्याचा व्हय, आईने उशी नीट केली की एक मऊ, लांबवलेला व्हय. आठवड्याभरात आईला ते सगळे ओळखू यायला लागले. मला वेळ लागला.

मी शाळेतून लांब रजा घेतली आणि माजलगावला राहिले. नवऱ्याने परभणीचं घर सांभाळलं. आम्हाला मूल नाही, त्यामुळे तसं अडणारं काही नव्हतं.

हे वाक्य मी सहज लिहून गेले, पण त्याच्यामागे एक गोष्ट आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मला दिवस राहिले होते. रिवाजाप्रमाणे मी बाळंतपणासाठी माजलगावला, माहेरी आले. आठव्या महिन्यात बाळ पोटात हलायचं थांबलं. मुलगा होता. मी दवाखान्यात असतानाच पप्पांनी आणि माझ्या नवऱ्याने त्याला कबरस्तानात नेऊन पुरलं. संध्याकाळी पप्पा माझ्या खाटेपाशी आले, उभे राहिले, डोळे मिटले आणि त्यांनी प्रार्थना केली. सुंदर प्रार्थना होती. एकही शब्द अडखळला नाही. ज्याने दिलं त्यानेच परत नेलं, म्हणून आपण त्याचे आभार मानू या, असं त्या प्रार्थनेत होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने डोळे पुसले. मी भिंतीकडे पाहत होते.

त्यानंतर मी चर्चला जात राहिले, गीतं म्हणत राहिले, प्रभुभोजनाची भाकर घेत राहिले. तोंड हलायचं. आत मात्र काही हलत नव्हतं. पप्पांशीही मी नीटच वागायचे. फक्त त्यांनी फोनवर "चल, प्रार्थना करू" म्हटलं की मी म्हणायचे, "करा पप्पा, मी ऐकते."

आता त्यांना म्हणता येत नव्हतं, आणि मला त्यांना आंघोळ घालावी लागत होती.

दिवाळीच्या तोंडावर आमच्या मागच्या वस्तीतली एक बाई आली. ती दरवर्षी यायची. नवराबायको दोघं ऊसतोडीला जायचे, दूर पश्चिमेकडच्या कारखान्याला, आणि उन्हाळ्यात परतायचे. ती काही ख्रिस्ती नव्हती. तिच्या घरात तिचे देव होते. पण निघायच्या आधी एकदा येऊन पाळकसाहेबांसमोर डोकं झाकून बसायचं आणि त्यांनी प्रवासासाठी प्रार्थना करायची, हे ठरलेलं. येताना ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा आणायची.

आई दारातच थांबली. तिला अवघड झालं होतं. "बाई, यांना आता बोलता येत नाही गं. तुला कळलं नाही का?"

"कळलं की." ती चपला काढून आत आली. "मंग? मला येतंय की बोलायला."

ती पप्पांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली. मी उठायला लागले तर म्हणाली, "बसा ताई, चोरीचं काय न्हाई." आणि ती बोलायला लागली. आधी पोरीचं. पोरगी यंदा दहावीला, तिला आजीपाशी ठेवून जाणार, जीव लागत न्हाई. मग नवऱ्याच्या पाठीचं. मग पदराचा काठ चोळत म्हणाली, "साहेब, माझ्या पोटात लई दुखतंय. मागल्या साली फडात मोळी उचलताना खालीच बसले. एका दवाखान्यात म्हनले, पिशवी काढून टाक, म्हंजी कटकट न्हाई. आमच्या टोळीतल्या कितीतरी बायांची काढली. मला भ्या वाटतंय. कावून काढायची, कुनी नीट सांगत न्हाई. काढू का नको?"

"व्हय," पप्पा म्हणाले, आणि मान जोरात नकारार्थी हलवली. मग त्यांना स्वतःलाच कळलं की शब्द एकीकडे आणि मान दुसरीकडे चालली आहे. त्यांनी हताश होऊन माझ्याकडे पाहिलं. ती बाई हसली. पप्पाही वाकड्या तोंडाने हसले. दवाखान्यातून आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मग त्यांनी चांगला हात, डावा, तिच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. पूर्वी ते हात ठेवायचे तो प्रार्थना सुरू झाल्याची खूण म्हणून, आणि संपली की उचलायचे. आता सुरुवात नव्हती आणि शेवटही नव्हता. ती डोळे मिटून बसली होती. ते तिच्याकडे पाहत होते. डोळे उघडे ठेवून प्रार्थना करताना मी त्यांना आजवर पाहिलं नव्हतं. मधेच एकदा हळू म्हणाले, "व्हय... व्हय," जणू ती अजून काही सांगतच होती आणि त्यांना ते ऐकू येत होतं.

ती निघाली तेव्हा मी तिच्यामागे अंगणापर्यंत गेले. "अंबाजोगाईला माझ्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई आहेत," मी म्हणाले. "जायच्या आधी त्यांना दाखवू. मी येते बरोबर."

"मुकादमाची गाडी सोमवारी येनार हाय."

"मग उद्याच जाऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने गेलो. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. सूज होती, गोळ्यांनी बरं होण्यासारखी. पिशवी काढायची काहीएक गरज नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं, आणि ते तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं. परतताना तेलगावला गाडी बदलायला उतरलो आणि स्टँडसमोरच्या टपरीवर चहा घेतला. ती बशीत ओतून पीत होती. मी तिला विचारलं, "पप्पा काहीच बोलले नाहीत काल. तुला चुकल्यासारखं नाही वाटलं?"

तिने बशीवर फुंकर मारली. "दरसाली साहेब माझ्यासाठी देवासंगं बोलायचे. ते काय बोलायचे ते मला कळायचं न्हाई, पर बरं वाटायचं. यंदा मीच बोलले. म्हनून जास्त हलकं वाटलं आसंल." मग ती बशी खाली ठेवत म्हणाली, "अन् त्यांनी हात लई येळ ठेवला ओ."

सोमवारी ती गेली. मी पाहिलं होतं ते मात्र मनातून जाईना. लहानपणापासून मी धरून चालले होते की प्रार्थना म्हणजे आपण वर काहीतरी पाठवायचं आणि जितकं नीट शब्दांत बांधलेलं तितकं ते पोहोचणार. त्या दुपारी पप्पांनी काहीच पाठवलं नव्हतं. ते फक्त तिथे होते, पूर्णपणे होते. तेवढ्यानेच माझे पाय दुसऱ्या दिवशी एसटीत चढले होते.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मी त्यांना आंघोळ घालून ओट्यावर उन्हात बसवलं. पायाची नखं वाढली होती. मी पाटावर बसून त्यांचा लुळा पाय मांडीवर घेतला. टाच भेगाळलेली, बोटं थंड. आत आई ज्वारी पाखडत होती, सुपाचा आवाज येत होता. मी एकेक नख कापत होते. काहीही ठरवलेलं नव्हतं, आणि तरी मी बोलायला लागले.

"पप्पा, त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही आभार मानायला नको होते."

त्यांना लगेच कळलं कोणता दिवस. त्यांचा चांगला पाय जरा मागे सरकला, त्यावरून मला समजलं.

"मला आभार मानायचे नव्हते. मला त्याला एकदा बघायचं होतं. मला कोणी विचारलंच नाही. तुम्ही त्याला घेऊन गेलात आणि संध्याकाळी येऊन प्रार्थना केलीत. त्यानंतर माझी प्रार्थना बंद झाली, पप्पा. एवढी वर्षं बंद आहे. मी चर्चला येते, पण बंद आहे."

मी मान खाली घालूनच बोलत होते. नखं कापून झाली होती तरी पाय सोडला नव्हता. वर पाहिलं तर पप्पा रडत होते. तोंडाची एक बाजू पडलेली, त्यामुळे ते रडणंही वाकडं होतं. "व्हय," ते म्हणाले. "व्हय. व्हय." पहिला व्हय त्यांना काहीतरी सांगायचं होतं तो. पुढचे दोन म्हणजे सांगायचा नाद सोडून दिला ते.

मला वाटलं, आता ते माझ्या डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी तसं केलं नाही. डाव्या हाताने माझा ओला हात उचलला, ओढत वर नेला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. मग मान खाली घातली, जशी चर्चमध्ये लोक त्यांच्यापुढे घालायचे.

पुढे काय झालं ते मला जमेल तेवढं सरळ सांगते. उजेड दिसला नाही. आवाज आला नाही. अंगावर काटा वगैरेही नाही. त्यांचे केस ओले होते, साबणाचा वास येत होता, आणि माझ्या तळव्याखाली एक म्हातारं डोकं हळूहळू थरथरत होतं. माझ्याकडे शब्द नव्हते, त्यांच्याकडेही नव्हते. आणि त्या दोन गप्प माणसांमध्ये कोणीतरी होतं. 'होतं' एवढंच म्हणता येतं. आपण खोलीत एकटे नाही हे जसं न पाहता कळतं, तसं. ते जे कोणी होतं ते मला काही समजावत नव्हतं. बाळ का गेलं, याचं उत्तर देत नव्हतं. ते आमच्याबरोबर रडत होतं. प्रभू मित्राच्या कबरीपाशी रडला, ही गोष्ट मी चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना कितीतरी वेळा सांगितली होती. तो त्या मित्राला पुढे मेलेल्यांतून उठवणारच होता, तरी आधी रडला, हे मी सांगायचे आणि पुढच्या भागावर जायचे. त्या सकाळी मला पहिल्यांदा कळलं की तो रडला, एवढी एक गोष्टच पुरेशी आहे. कित्येक वर्षं मी वर कुठेतरी पाहून जाब विचारत होते. तो वर नव्हताच. तो दवाखान्यातल्या त्या खाटेपाशी खाली बसलेला असणार आणि मी भिंतीकडे तोंड केलेलं होतं.

किती वेळ गेला ठाऊक नाही. आत सुपाचा आवाज थांबला होता. आई दारात येऊन उभी होती.

नंतर पप्पांना आत निजवल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. "तुला एक सांगू? त्या दिवशी कबरस्तानातून आले अन् हे मागच्या न्हाणीत जाऊन बसले. बादलीत नळ सोडला, म्हणजे आवाज येऊ नये. दोन-तीन दिवस जेवले नाहीत. तुझ्यासमोर मात्र रडले नाहीत. पाळकानं रडायचं नसतं, असं त्यांना वाटायचं. लोक धीर कुणाकडं बघून धरतील, म्हणायचे."

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली होती." तिने सूप जवळ ओढलं. "अन् मग तू कधी विचारलं नाहीस."

ते खरंच होतं. मी विचारलं नव्हतं.

नाताळला पप्पांना चर्चमध्ये न्यायचं ठरलं. तोवर ते धरून चार पावलं टाकायला लागले होते. उपासना चालवत होते मंडळीतलेच एक निवृत्त पोस्टमन. सज्जन माणूस, पण वाचताना घाम फुटायचा. माझा नवराही परभणीहून आला होता. गीतं झाली, शास्त्रवाचन झालं. शेवटी आशीर्वाद द्यायची वेळ आली, तेव्हा पोस्टमनकाका वाचायचं थांबले आणि पप्पांकडे पाहत म्हणाले, "पाळकसाहेब, आशीर्वाद तुम्हीच द्या."

मला भीती वाटली. लहान मुलं हसतील, पप्पांना लाज वाटेल. पण ते खुर्चीतून उठायची धडपड करत होते, म्हणून मी आणि नवऱ्याने दोन्हीकडून धरलं. ते उभे राहिले. मंडळीही उभी राहिली. पप्पांनी डावा हात वर केला. ओठ हलले, जुने शब्द शोधत होते बहुधा. बाहेरून एक ट्रॅक्टर गेला, गाणी वाजवत. तो जाईपर्यंत ते थांबले, सवयीने. मग सगळ्यांकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश पाहत म्हणाले, "व्हय."

कोणी हसलं नाही. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने, जशी ती आयुष्यभर म्हणत आली होती तशी, "आमेन" म्हटलं. मग सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं, आणि म्हणताना माझ्या लक्षात आलं की हे नुसतं तोंड हलणं नव्हतं.

पप्पा आज थकले आहेत, पण आहेत. आता काही शब्द परत आले आहेत. पहिला आला 'चहा'. त्या दिवशी आईने शेजारच्यांना पेढे वाटले. मग आईचं नाव आलं, जे त्यांनी उभ्या आयुष्यात चारचौघांत कधी घेतलं नव्हतं. आता ते ओट्यावरून मोठ्याने घेतात आणि ती लाजून दार लोटते. माजलगावला नवे पाळक आले आहेत, चांगलं बोलतात. तरी काही माणसं अजून उपासनेनंतर पप्पांकडे येतात, खुर्चीसमोर बसतात, आपलं सांगून जातात. त्यांतली निम्मी तरी चर्चला न येणारी असतात. मी शाळेत परत रुजू झाले. शनिवारी-रविवारी येते. माझी प्रार्थना आता बरीचशी गप्प बसण्याचीच असते. त्या सकाळी जे कोणी होतं ते कधी येतं, कधी नाही. आलं नाही तरी पूर्वीसारखा राग येत नाही.

त्या नाताळच्या दुपारी जेवणं झाल्यावर मी नवऱ्याला म्हणाले, "मला तिकडे घेऊन चल. त्याला ठेवलंय तिथे."

त्याने विचारलं नाही कुठे. हात धुतले, पप्पांची जुनी स्कूटर काढली. गावाबाहेर उसाच्या रानाला लागून आमचं कबरस्तान आहे. मोठ्यांच्या कबरींवर दगड आहेत, क्रूस आहेत. मागच्या कडेला, कडुनिंबांच्या रांगेखाली लहान मुलांना पुरतात. तिथे फक्त मातीचे उंचवटे, पावसाने जवळजवळ सपाट झालेले. एक शेळी तिथलं गवत खात होती.

तो एका झाडापाशी थांबला. मग दोन पावलं पुढे गेला, परत मागे आला. मी त्याला असं गोंधळलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"दरवर्षी येतो मी," तो म्हणाला. "आपण माजलगावला आलो की सकाळी फिरायला जातो म्हणायचो ना, तेव्हा. पण आता नक्की सांगता येत नाही. झाडं एवढी नव्हती तेव्हा. हा असेल. नाहीतर तो."

दोन लहानसे उंचवटे होते, शेजारी शेजारी. दुसरा कोणाच्या मुलाचा, आम्हाला माहीत नव्हतं.

"तो दिसायला कसा होता?" मी विचारलं.

त्याने वाकून एका उंचवट्यावरचा पाला बाजूला केला. मग म्हणाला, "कान तुझ्यासारखे होते. खाली जरा चिकटलेले. पप्पांनीच दाखवले मला."

मी शेळीला हाकललं. मग आम्ही त्या दोन उंचवट्यांच्या मधल्या जागेत, गवतावर बसलो, म्हणजे कुठला का असेना, आम्ही दोघांच्याही जवळ होतो.